दोन शहरांतले अंतर कोण ठरवते?

मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी सर्वांत जवळची वाट लारकान्यावरून जाते. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो राजकोटवरून निघून कच्छचे रण ओलांडतो, सिंधमध्ये शिरतो, भुट्टो घराण्याच्या लारकान्यावरून कंदाहारच्या अंगाने तुर्कमेनिस्तानातल्या काराकुम वाळवंटात पोहोचतो. तिथून कॅस्पियन आणि अरल या समुद्रांच्या मधून कझाकस्तान पार करतो, मॉस्को आणि हेलसिंकीच्या अगदी जवळून नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइमवर येतो आणि मग आइसलँड, लॅब्राडोर करत न्यूयॉर्कला उतरतो. या वाटेची लांबी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. शाळेच्या भिंतीवरचा सपाट नकाशा बघून मोठे झालेल्यांना हे पटायला जड जाते, कारण त्या नकाशावर सरळ रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर अशी जाते. मर्केटरने १५६९ मध्ये नकाशाची ती पद्धत काढली ती दर्यावर्दींना एकाच दिशेने गलबत हाकता यावे म्हणून. त्या रेघेने गेल्यास अंतर चौदा हजार किलोमीटरच्या वर भरते. भूमिती म्हणून साडेबारा हजार हा आकडा निर्विवाद आहे. कोणत्याही संकेतस्थळावर दोन शहरांतले हवाई अंतर विचारले की असाच आकडा मिळतो आणि आपण तो निसर्गाने दिलेला समजून चालतो. विमान मात्र या रेघेवरून जाईलच याची हमी कोणी दिलेली नसते. ती रेघ कोणाच्या डोक्यावरून जाते आणि त्या देशाचे आपल्याशी सध्या कसे आहे, यावर प्रत्यक्षातले अंतर ठरते. सरकारी निर्णयाने लांबणारे अंतर ही सार्वजनिक खर्चाची बाब आहे आणि तिचा हिशेब जनतेपुढे मांडला गेला पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

समुद्राच्या बाबतीत जगाने निदान किनाऱ्यापासून काही अंतरापुढचे पाणी सर्वांना खुले ठेवले. आकाशाचे तसे झाले नाही. पहिल्या महायुद्धात विमानातून बॉम्ब पडताना पाहिलेल्या राष्ट्रांनी १९१९ च्या पॅरिस करारात आपापल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण मालकी सांगितली आणि १९४४ च्या शिकागो कराराने पहिल्याच कलमात ती कायम केली. नियमित प्रवासी सेवेला परक्या देशावरून नुसते उडत जायलाही त्या देशाची परवानगी लागते. ही परवानगी परस्परांना सरसकट द्यावी म्हणून त्याच वेळी एक वेगळा करार झाला. भारत आणि पाकिस्तान दोघेही त्यात आहेत, रशिया आणि चीन नाहीत. रशियाने तर सैबेरियावरचा रस्ता युरोपीय कंपन्यांना वर्षानुवर्षे पैसे मोजून वापरायला लावला. यात बेकायदा काहीच नव्हते. सैबेरियावरची वाट नसती तर युरोप आणि जपान एकमेकांपासून कितीतरी लांब पडले असते, आणि मॉस्कोने त्याच सोयीची किंमत लावली.

या सोयीवर एका शहराने आपले नशीब कसे बांधले आणि ते कसे मोडले, हे हेलसिंकीकडे पाहून कळते. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद असल्याने फिनएअरने १९८३ मध्ये हेलसिंकी ते टोकियो विनाथांबा सेवा सुरू केली ती उत्तर ध्रुवावरून वळसा घालून. पुढे सैबेरिया उघडला. युरोपातून पूर्व आशियाकडे जाणाऱ्या जवळच्या वाटा फिनलंडवरून जातात, त्यामुळे या कंपनीने आशियाचे प्रवासी हेलसिंकीत गोळा करून पुढे पाठवण्याचा मोठा धंदा उभा केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली, युरोपने आपले आकाश रशियन विमानांना बंद केले, रशियाने उलट तेच केले आणि साडेनऊ तासांचा टोकियोचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. पुन्हा ध्रुवावरून. फिनएअरने प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याची प्रमाणपत्रेही दिली, पण त्या हौसेने जास्तीच्या इंधनाचे बिल भरले जात नाही. हेलसिंकी आणि टोकियो होते तिथेच राहिले. बदलले ते फक्त दोन सरकारांचे हुकूम.

आपल्या उपखंडाला हा प्रकार नवा नाही. पाकिस्तानने पश्चिम सरहद्दीजवळचा पट्टा मना केल्याने काबूलला जाणाऱ्या भारतीय विमानांची अडचण झाली, तेव्हा भारताने १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे तक्रार केली होती. जानेवारी १९७१ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फॉकर विमान अपहरण करून लाहोरला नेण्यात आले आणि तिथे जाळले गेले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून जायला बंदी घातली. कराची आणि ढाका तेव्हा एकाच देशात होते. त्यांच्यातले सरळ अंतर अडीच हजार किलोमीटरच्या आत. भारताला वळसा घालून श्रीलंकेमार्गे जाताना ते जवळजवळ दुप्पट झाले. ज्या वर्षात पूर्व पाकिस्तान पेटला त्याच वर्षात त्या देशाचे दोन भाग आकाशातून असे एकमेकांपासून दूर ढकलले गेले. पाकिस्तानने विमान वाहतूक संघटनेकडे दाद मागितली, भारताने संघटनेच्या अधिकारालाच आव्हान दिले आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ऑगस्ट १९७२ मध्ये संघटनेला हे प्रकरण ऐकण्याचा अधिकार आहे, असा निकाल दिला. मूळ तंट्याचा निकाल शेवटपर्यंत लागलाच नाही. १९७६ मध्ये दोन्ही देशांनी आपसात समझोता केला आणि प्रकरण मागे घेतले गेले. म्हणजे आकाश बंद करण्याचे हत्यार एकट्या पाकिस्तानने वापरलेले नाही. परिस्थिती तशी आली तेव्हा आपणही ते वापरले. भारताच्या त्या वेळच्या निर्णयाला सबळ कारण होते, हे मान्य करूनही त्याची किंमत मोजता येते हे खरेच.

अशा बंदीची किंमत एकदा आपल्या संसदेत मोजली गेली होती. बालाकोटवरच्या भारतीय हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस आपले आकाश बंद केले आणि ते जुलैच्या मध्याला पूर्ण उघडले. त्या काळात एअर इंडियाला ४९१ कोटी रुपये, स्पाइसजेटला सुमारे ३१ कोटी आणि इंडिगोला सुमारे २५ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे नागरी विमान वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी राज्यसभेत सांगितले. पाकिस्तानच्या मंत्र्यांनी आपल्या बाजूचा तोटा साडेआठशे कोटी पाकिस्तानी रुपये सांगितला होता, कारण वरून जाणाऱ्या विमानांकडून मिळणारे शुल्क बुडाले. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने पुन्हा भारतीय विमानांना दार लावले, ३० एप्रिलला भारतानेही तसेच उत्तर दिले आणि मग दर महिन्याला नव्या नोटॅमने, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेने, मुदत वाढवली जाऊ लागली. या वेळी आकडा बाहेर आला तो मंत्र्यांच्या उत्तरातून नव्हे. बंदी वर्षभर राहिल्यास सुमारे ६० कोटी डॉलरचा बोजा पडेल आणि सरकारने त्याची भरपाई द्यावी, असे पत्र एअर इंडियाने सरकारला लिहिले आणि ते वृत्तसंस्थेच्या हाती लागले म्हणून आपल्याला कळले.

२०२५ च्या बंदीची तऱ्हा २०१९ पेक्षा वेगळी आहे आणि माझ्या मते तीच या विषयाचा गाभा आहे. या वेळी आकाश सर्वांना बंद नाही. ते विमान कोणत्या देशात नोंदलेले आहे ते पाहून बंद आहे. दिल्लीच्या एकाच धावपट्टीवरून एकामागोमाग लंडनला निघालेल्या दोन विमानांपैकी युरोपीय कंपनीचे विमान पाकिस्तानवरून जाऊ शकते. भारतीय कंपनीच्या विमानाला आधी राजस्थान, गुजरातच्या दिशेने खाली येऊन अरबी समुद्र गाठावा लागतो आणि मग ओमानच्या बाजूने पश्चिमेला वळावे लागते. दिल्ली आणि लंडन यांच्यात आता एकाच वेळी दोन अंतरे आहेत आणि तुमच्या वाट्याला कोणते येणार हे शेपटावरच्या नोंदणी अक्षरांवर ठरते. मुंबईला समुद्र अंगणातच असल्याने पश्चिमेकडे निघणाऱ्या विमानांना त्रास कमी. दिल्ली, अमृतसर, लखनौला जास्त. इंडिगोने तर दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीची सेवाच थांबवली. सरळ मोजले तर ही दोन्ही शहरे दिल्लीला चेन्नईपेक्षा जवळ आहेत, पण वळशाच्या वाटेने ती या कंपनीच्या छोट्या विमानांच्या टप्प्याबाहेर गेली. १९६५ च्या युद्धात बंद झालेली दोन देशांची आकाशे फेब्रुवारी १९६६ मध्ये परत उघडली ती ज्या समझोत्यापाठोपाठ, तो ताश्कंदलाच झाला होता. इतिहास कधीकधी असा खवचटपणा करतो.

यावर विमान क्षेत्रातला जाणकार म्हणेल की किलोमीटर मोजण्यालाच काही अर्थ नाही, आणि त्याचे म्हणणे फेटाळण्यासारखे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. जुनी वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती, नवी सुमारे १५,३०० किलोमीटरची. तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास आधी पोहोचले, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचीवरचा जोराचा वारा पाठीशी होता. लांबची वाट जवळची ठरली. उत्तर गोलार्धात पूर्वेकडे जाताना हा वारा मदत करतो, पश्चिमेकडे येताना अडवतो, म्हणून एकाच मार्गावर जाण्या-येण्याच्या वेळांत तास-दीड तासाचा फरक सहज पडतो. वैमानिक आणि मार्ग आखणारे दररोज वारा, वजन, वादळे आणि शुल्क यांचा मेळ घालून वाट ठरवतात. पण त्यांना अशी निवड करता येते ती बऱ्याच वाटा उघड्या असल्या तरच. एखाद्या बाजूचा मोठा पट्टा बंद झाला की वाऱ्याचा फायदा घेण्याची मोकळीकही जाते. त्यामुळे राजकारणाने केलेले नुकसान किलोमीटरपेक्षा तासांत आणि इंधनाच्या टनांत नीट दिसते. लांबच्या उड्डाणात हे नुकसान सरळ प्रमाणात वाढत नाही. जास्तीच्या दोन तासांसाठी जे इंधन भरायचे त्याचे वजन वाहून नेण्यासाठीच पहिल्या तासापासून अधिक इंधन जाळावे लागते. टाकीची किंवा वजनाची मर्यादा आली की प्रवासी किंवा माल कमी करायचा, नाहीतर वाटेत उतरायचे. उत्तर अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमाने २०२५ मध्ये व्हिएन्नाला इंधनासाठी थांबू लागली आणि दिल्ली–वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवण्यात आली, त्यामागे विमानांच्या टंचाईबरोबर हेही कारण कंपनीने दिले.

मग कायदे आणि गणिते अजूनही त्या ताणलेल्या दोऱ्यालाच का धरून आहेत? काही ठिकाणी त्यात शहाणपण आहे. उड्डाण रद्द झाल्यास किंवा फार उशीर झाल्यास द्यायची भरपाई युरोपात दीड हजार आणि साडेतीन हजार किलोमीटर अशा टप्प्यांवर ठरते. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला उशिरा पोहोचलेल्या प्रवाशांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले की अंतर सरळ रेघेनेच मोजायचे, मधल्या थांब्याच्या वळशाने नाही. प्रवाशाची गैरसोय वळशाने वाढत नाही आणि कंपनी कोणती वाट घेते यावर भरपाई लटकू नये, हा विचार पटण्यासारखा आहे. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने किलोमीटरऐवजी प्रवासाच्या ठरलेल्या वेळेचे टप्पे केले: उड्डाण रद्द झाल्यास तासाभरापर्यंतच्या प्रवासाला पाच हजार रुपये, दोन तासांपर्यंत साडेसात हजार, त्यापुढे दहा हजार, किंवा मूळ भाडे आणि इंधन आकार यांची बेरीज, जे कमी असेल ते. वेळ मोजण्याची ही पद्धत मला युरोपापेक्षा सरस वाटते. पण प्रदूषणाच्या हिशेबात सरळ रेघ धरणे ही चूकच आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कार्बन गणकाची वर्षानुवर्षे वापरात असलेली पद्धत अशी, की साडेपाच हजार किलोमीटरवरच्या प्रवासात सरळ अंतरात फक्त १२५ किलोमीटर मिळवायचे आणि त्यावरून एका प्रवाशामागचा धूर काढायचा. विमानतळाभोवतीच्या घिरट्या आणि किरकोळ वळणे त्यात बसतात. ध्रुवावरून घातलेला वळसा बसत नाही. हेलसिंकी–टोकियोचा साडेतीन तासांचा जादा प्रवास या पद्धतीला दिसतच नाही. इंधन किती जळते याची माहिती नसती तर ही पद्धत चालवून घेता आली असती. पण आंतरराष्ट्रीय उड्डाणांत जळालेल्या इंधनाची नोंद ठेवणे मोठ्या कंपन्यांना २०१९ पासून बंधनकारक आहे. आकडा हाताशी असताना अंदाजाने काम चालवण्यात शास्त्र कसले?

या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा. जुलै २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेले मलेशियाचे विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे गेली. ते विमान ज्या उंचीवर होते ती उंची त्या दिवशी अधिकृतपणे उघडी होती. बंदी त्याच्या थोड्या खालीपर्यंतच होती. तेव्हा धोक्याचे आकाश टाळण्यासाठी लागणारे प्रत्येक किलोमीटर आनंदाने मोजावे, यात वाद नाही. पण धोक्यामुळे टाळलेले आकाश आणि शिक्षा म्हणून बंद केलेले आकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ओळखणे अवघड नाही. आकाश खरोखर धोक्याचे असेल तर ते सर्व देशांच्या विमानांना धोक्याचे असते. एका देशाच्या विमानांना बंद आणि इतरांना खुले ठेवलेले आकाश हे दबावाचे साधन असते, मग बंदी कोणत्याही बाजूने असो. दुसरा आक्षेप राष्ट्रहिताचा: दहशतवादी हल्ल्यानंतर कोणी इंधनाचा हिशेब करत बसत नाही. ठीक. मलाही भारताने प्रत्युत्तर द्यायला नको होते असे म्हणायचे नाही. पण दबावाच्या साधनाचा परिणाम कोणावर किती होतो हे पाहिल्याशिवाय ते चालू ठेवावे की नाही, हे कसे ठरणार? पाकिस्तानच्या संरक्षण मंत्रालयाने २०२५ च्या एप्रिल ते जून या काळातला आपला तोटा त्यांच्या संसदेत सुमारे ४१० कोटी पाकिस्तानी रुपये सांगितला. आपल्या बाजूचा अधिकृत आकडा शेजारी नसेल, तर या रस्सीखेचीत कोण जास्त ओढला जातोय याचा अंदाज सामान्य माणसाने बांधायचा कशावर?

बाजार हे सगळे आपोआप सांभाळून घेतो, असा तिसरा सूर असतो. भारतीय कंपनी महाग पडली तर प्रवासी दुबई, दोहा किंवा फ्रँकफर्टमार्गे जातील; त्यांचे काही बिघडत नाही. नेमके हेच होते आणि त्यातच नुकसान आहे. सरकारचा निर्णय, भार भारतीय कंपनीवर, फायदा परक्या कंपनीला. आणि तिकीट काढणारा भारतीय प्रवासी कुठूनतरी ती रक्कम भरतोच. त्याला त्याच्या तिकिटात वळशाचा किती हिस्सा आहे हे कोणी सांगत नाही. राहिला गोपनीयतेचा मुद्दा. कोणते विमान कोणत्या वाटेने चालले आहे हे आज कोणालाही मोबाइलवर, ते उडत असतानाच पाहता येते. वळसा उघड आहे. झाकलेली आहे ती फक्त त्याची बेरीज. कंपन्यांकडे प्रत्येक उड्डाणाची वेळ आणि इंधन यांच्या नोंदी आहेत, महासंचालनालय वाहतुकीची आकडेवारी दर महिन्याला प्रसिद्ध करतेच. जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत कंपनीनिहाय तोटा सांगितला गेला तेव्हा देशाची सुरक्षा कुठे ढासळली नव्हती. बंदी चालू असेपर्यंत तोच तक्ता, त्यात जादा जळालेले इंधन आणि बंद झालेले मार्ग असे दोन रकाने वाढवून, मंत्रालयाने प्रत्येक अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. एखाद्या खासदाराने प्रश्न विचारला तरी पुरे.